आधी गोष्ट की आधी घडी?

मुलांनी स्वतः लिहिलेले, चित्रे काढलेले आणि बांधलेले पुस्तक शाळेच्या वेळापत्रकात दोन तासांना लागते. लिहिण्याचा भाग भाषेच्या तासाचा आणि घडी, शिलाई, पुठ्ठा हा कार्यानुभवाच्या तासाचा. हे तास वेगळ्या शिक्षकांकडे असोत वा एकाकडेच, पुस्तकाकडे पाहण्याच्या दृष्टी मात्र दोन राहतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हा फरक अधिक जाणवतो. इथल्या बहुसंख्य मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीहून वेगळी आहे, घराच्या भिंतीवर चित्र काढण्याची जुनी रीत आहे आणि वर्गातली हजेरी पावसाच्या व वीटभट्टीच्या हिशेबाने कमीजास्त होते. पुढील मांडणीत या दोन दृष्टी ‘सर’ आणि ‘बाई’ या नावांनी बोलतात. सर कार्यानुभवाच्या बाजूचे, तर बाई पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवणाऱ्यांच्या बाजूच्या. दोघेही प्रातिनिधिक आहेत.

पुस्तकाचा आकार कसा असावा, याला मराठी मुलखात एकच उत्तर कधीच नव्हते. पोथीची पाने सुटी असत. वरखाली फळ्या आणि भोवती रुमाल. व्यापाऱ्याची चोपडी शिवलेली, लाल कापडी पुठ्ठ्याची. दिवाळीत तिची पूजा आजही होते. रामदासी मठांत हाताने शिवलेली बाडे असत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी चित्रांची पाने पाठीला पाठ लावून चिकटवत आणि एकेक पान श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगत. त्या पानांच्या गठ्ठ्यालाही पोथीच म्हणत. शाळांनी यात हस्तलिखिताची भर घातली. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत असताना, १९२०च्या दशकात, वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. पुढे शाळोशाळी वार्षिक हस्तलिखित निघू लागले: सुवाच्य अक्षराच्या मुलीने उतरवलेले, वेलबुट्टी काढलेले, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हाती दिले जाणारे आणि नंतर कपाटात जाणारे. मुलांच्या पुस्तकाचा विचार करताना हे कपाट विसरून चालत नाही.

पहिला मतभेद सुरुवातीचाच आहे.

सर : बाई, आधी कोरं पुस्तक पोरांच्या हातात येऊ द्या. आठ पानं मोजून झाली की गोष्ट केवढी हवी ते त्यांचं त्यांना कळतं. मोजमाप दिसल्याशिवाय काम सुरू होत नाही.

बाई : आणि गोष्ट पाचव्या पानावर संपली तर? उरलेल्या तीन पानांवर फुलं निघतात, सर. ते पुस्तक पानं भरण्यासाठी झालेलं असतं.

सरांच्या मनात असते ते एका कागदाचे पुस्तक. ए-फोर कागदाला घड्या घालून आठ भाग करायचे, मधल्या दोन घरांइतकी आडवी चीर द्यायची आणि कागद फुलवून पुन्हा मिटायचा. डिंक नको, दोरा नको. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ धरून आठ पानांचे पुस्तक तयार. त्याची करामत अशी की चीर देईपर्यंत मुलांना पुस्तक दिसत नाही आणि दिलेल्या क्षणी दिसते. अडचण मापाची आहे. ए-फोरचे आठ भाग केले की पान साडेसात सेंटिमीटर रुंद आणि साडेदहा उंच होते. पहिलीतल्या मुलाचे अक्षर दोन बोटे उंच असते. या पानावर त्याचे एक वाक्य मावत नाही. दुप्पट आकाराचा, म्हणजे ए-थ्री कागद घेतला तर पान वहीच्या अर्ध्याएवढे होते आणि काम जमते.

दोघांच्या भांडणातून निघणारी वाट कच्च्या पुस्तकाची आहे. पाठकोऱ्या कागदाची छोटी घडी करायची, तिच्यात कोणत्या पानावर काय येणार याच्या खुणा करायच्या आणि गोष्ट किती पानांची ते ठरल्यावर चांगला कागद कापायचा. शिवायच्या पुस्तकात पाने चारच्या पटीत येतात, कारण मधोमध दुमडलेला प्रत्येक ताव चार पाने देतो. सहा पानांची गोष्ट असेल तर मुलाला दोन पाने वाढवावी लागतात किंवा दोन गाळावी लागतात. इथे सरांचे मोजमाप आणि बाईंची गोष्ट एकमेकांना पहिल्यांदा खरोखर उपयोगी पडतात: पाने गाळायची म्हणून मूल विचारते, यातले काय नसले तरी चालेल?

पहिलीच्या मुलांसाठी मात्र पोथीचा आकार अधिक सोयीचा आहे. बांधलेल्या पुस्तकात एक पान बिघडले की सगळे पुस्तक बिघडल्यासारखे वाटते आणि मूल रडवेले होते. सुट्या पानांत बिघडलेले पान काढून नवे घालता येते.

दुसरा मतभेद भाषेचा, आणि तो सर्वांत खोल. या भागात त्याला इतिहासही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे त्यांचे काम डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. शाळा मुलांपर्यंत न्यायची, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. साधनेही भोवतालची घेतली: बिया, पाने, शंख-शिंपले, खडे. मुलाच्या तोंडची भाषा हेही असेच भोवताली सापडणारे साधन आहे, असे बाईंचे म्हणणे.

बाईंची पद्धत साधी आहे. ज्याला अजून लिहिता येत नाही ते मूल बोलते आणि शिक्षक त्याच्याच शब्दांत लिहून घेतो. मग बोट फिरवत तेच वाक्य वाचून दाखवतो. मुलाला अक्षरे येत नसली तरी वाक्य पाठ असते, कारण ते त्याचेच असते. अक्षराची आणि आवाजाची गाठ तिथे पडते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी ‘टीचर’ (१९६३) या पुस्तकात हेच मांडले. प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा, भीतीचा वा मायेचा शब्द कार्डावर लिहून द्यायचा. त्या शब्दांतून वाक्ये येतात आणि वाक्यांतून वर्गाची वाचनपुस्तके तयार होतात.

सर : पण ते छापल्यासारखं पुस्तकात गेलं की कायमचं झालं. घरचे म्हणतात, आमचं पोरगं घरी बोलतं तेच शाळेत लिहिणार असेल तर शाळा कशाला? पुढं पेपर प्रमाण मराठीतच आहे.

बाई : घरच्यांचं बरोबर आहे. पेपर तिसरी-चौथीनंतर येतो. पहिलीतल्या पोराला आधी हे कळू दे की कागदावरची रेघ म्हणजे बोलणं. ते त्याला परक्या भाषेत कसं कळेल?

२०२०चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे सांगते, म्हणजे धोरणाचा कौल बाईंकडे आहे. पण वर्गात एकच घरची भाषा नसते. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी, काटकरी अशा वेगवेगळ्या समाजांची मुले एका बाकावर येतात; तलासरीच्या सीमेला लागून गुजरात आणि दादरा-नगर हवेली असल्याने गुजराती शब्द सहज मिसळतात; किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांची बोली आणखी वेगळी. यातल्या बहुतेक बोलींचे लेखन ठरलेले नाही. एकच शब्द दोन मुले दोन तऱ्हांनी लिहितील आणि दोन्ही ऐकण्यात बरोबर असतील. अशा वेळी वर्गापुरता एक नियम पुरतो: एका पुस्तकात एक शब्द एकाच तऱ्हेने लिहायचा. ही शिस्त प्रमाणलेखनाच्या शिस्तीचीच पहिली पायरी आहे, हे सरांनाही मान्य व्हायला हरकत नाही.

डाव्या पानावर बोली आणि उजव्या पानावर मराठी अशी जोडपुस्तके हा तडजोडीचा मार्ग दिसतो. दिसतो तितका तो निर्दोष नाही. रोज अशीच पुस्तके झाली तर डावे पान उजव्या पानाकडे जाण्याचा जिना ठरतो आणि मुले ते वाचायचे सोडतात. पहिली काही पुस्तके निखळ बोलीत व्हावीत आणि मराठी पुस्तक वेगळे, वेगळ्या गोष्टीचे व्हावे, हे अधिक बरे.

चित्रांबाबत बाजू उलटतात. इथे सर परंपरेचा आग्रह धरतात आणि बाई शंका घेतात.

सर : एवढी मोठी चित्रकला दारात असताना पोरं कार्टून काढतात, हे काही बरोबर नाही.

बाई : सर, वर्गात सगळेच वारली नाहीत. आणि जे आहेत त्यांनी तरी चारी बाजूंनी त्रिकोणांची नक्षी काढली म्हणजे झालं का?

वारली चित्र मुळात लग्नघरातले. शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक काढत, त्यात पालघट देवी असे आणि धवलेरी लग्नविधीची गाणी म्हणे. कागदावर आणि बाजारात ही चित्रे आली ती १९७०च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ती बाहेरच्या जगाला दिसली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नविधीच्या बाहेरचे रोजचे जीवन चितारायला सुरुवात केली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पुस्तकातही ही चित्रे गेली आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सचे ‘डू!’ हे क्रियापदांचे चित्रपुस्तक वारली चित्रकारांनी काढलेले आहे, तपकिरी कागदावर पांढऱ्या छपाईचे.

मुलांच्या पुस्तकासाठी महत्त्वाचा प्रश्न नक्षीच्याही पुढचा आहे. वारली चित्र सगळे एकदम दाखवते. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचाचा वेढा, बाजूला भाताची मळणी, वर झाड, झाडावर मध गोळा करणारा, खाली वाघ; डोळा कुठूनही आत शिरतो. पुस्तक मात्र पानामागून पान उलगडते आणि पुढचे दडवून ठेवते. वारली चित्राचे आठ तुकडे करून आठ पानांवर ठेवले तर त्यातला जीव जातो. म्हणून या चित्रांना पंख्यासारख्या घडीचे पुस्तक साजते. कार्डशीटच्या लांब पट्ट्या जोडून एकाआड एक उलटसुलट घड्या घालायच्या. मिटलेले असताना ते पुस्तक, जमिनीवर पसरले की पूर्ण भिंत. एका बाजूला सलग चित्र आणि दुसऱ्या बाजूला घडीगणिक मजकूर ठेवता येतो. सहा-सात मुलांना एकाच चित्रावर बसून काम करता येते, हा आणखी एक फायदा.

रंगाचाही एक व्यावहारिक धडा आहे. तांदळाचे पीठ भिंतीवर टिकते कारण भिंत दुमडत नाही. कागदावर घडीपाशी ते तडकते आणि झडते. पिठात डिंकाचे पाणी मिसळले तरी घडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा मोकळी ठेवावी लागते. गेरूचा थर पातळ हवा, नाहीतर हात लागला की निघतो.

आणि जी मुले वारली नाहीत, त्यांचे काय? बाईंचे उत्तर असे की त्यांना त्यांचे काढू द्यावे. किनाऱ्यावरच्या मुलाची वलांडीवर वाळणारी बोंबलांची रांग, घोलवड-बोर्डीकडच्या मुलीची चिकूची वाडी, महालक्ष्मीच्या जत्रेतला पाळणा, महामार्गावरचा ट्रक. ट्रक वारली पद्धतीने काढायला लावणे हे परंपरेवर आणि ट्रकवर, दोन्हींवर जबरदस्ती आहे.

चौथा वाद हाताचा: मुलाच्या पुस्तकावर शिक्षकाचा हात किती असावा? सर अचूक कापलेल्या कडांचे पुस्तक पाहून खूश होतात. ते कापलेले असते त्यांनी. बाई शुद्धलेखन सुधारलेले पुस्तक पाहून खूश होतात. ते सुधारलेले असते त्यांनी. या एका बाबतीत दोघांची चूक एकच आहे. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की शिक्षकाचा हात लांब होतो. कामाची वाटणी आधीच ठरवणे हा यावर उपाय. धारदार कटरने पुठ्ठा कापणे मोठ्यांचे काम. घडी, भोके, शिलाई आणि कात्रीचे काम मुलांचे. चुका कच्च्या पुस्तकात मुलाबरोबर बसून पाहायच्या; पक्क्या पुस्तकात राहिल्या तर राहू द्यायच्या. वाकडी कड वाचनाच्या आड येत नाही. सुटलेली शिलाई येते, म्हणून शिलाईबाबत सरांनी कडक राहावे.

बांधणीवर सरांचा शब्द अखेरचा मानावा लागतो, कारण इथे हवा आणि दिनमान दोन्ही हिशेबात धरावे लागतात. अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि इतर कामांवर स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहे आणि भट्टीवरच्या भोंगाशाळा यांतली काही मुले धरून ठेवतात, सगळी नाही. म्हणजे वर्ग भरलेला असतो तो जून ते दिवाळी. त्यातही लावणीच्या दिवसांत बाके रिकामी दिसतात. आणि हेच महिने कागदाचे वैरी आहेत. हवेतल्या ओलीने खळ वाळत नाही, चिकटवलेले पान फुगते, आठवड्यात बुरशीचे ठिपके येतात.

त्यामुळे पावसाळ्यात शिवायचे आणि चिकटवणे पुढे ढकलायचे, असा क्रम इथे नैसर्गिक ठरतो. तीन भोकांची शिलाई मुलांना एका बैठकीत येते. ताव एकात एक घालून मधल्या घडीवर तीन खुणा करायच्या आणि दाभणाने किंवा टोच्याने भोके पाडायची; खाली जाड पुठ्ठा किंवा जुनी चप्पल ठेवावी. मेण फासलेला दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढायचा, वरच्या भोकातून आत घ्यायचा, आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून खालच्यातून बाहेर काढायचा आणि पुन्हा मधल्यातून आत आणून लांब टाक्यावर गाठ मारायची. पुस्तक वीतभराहून मोठे असेल तर पाच भोके घ्यावीत.

घडी घालण्यापूर्वी कागदाची दिशा पाहावी. कागदातले तंतू बहुधा एका दिशेला असतात; ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवला तर ज्या बाजूने तो मुकाट वळतो त्या वळणाची रेघ हीच तंतूंची दिशा. घडी तिला समांतर असली तर सफाईने पडते आणि ओल लागल्यावर पुस्तक कमी वाकडे होते. हा प्रयोग मुलांना फार आवडतो आणि विज्ञानाच्या तासालाही चालतो.

दसरा ते दिवाळी हा चिकटवण्याचा काळ. भातकापणीही त्याच सुमारास येते, तेव्हा काम सकाळी उरकलेले बरे. शिवलेल्या पुस्तकांना पुठ्ठा, अस्तर आणि पाठीवर कापडी पट्टी लावायची ती आता. खळ मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची, नीट शिजवलेली, तुरटीची चिमूट घातलेली. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे आणि मुलांच्या कामात त्याला जागा नाही. त्याऐवजी खळ रोज ताजी करावी आणि पुस्तके वजनाखाली दोन दिवस ठेवावीत.

सर : म्हणजे शेवटी पुस्तक टिकाऊ हवं, हे मान्य.

बाई : टिकायला हवं ते वाचण्यासाठी. पन्नास पोरांनी उलटलं तरी पान सुटू नये, एवढं टिकू द्या. पाहुण्यांना दाखवण्याइतकं नको.

पुस्तक कोणी वाचायचे, हा प्रश्न बांधणीइतकाच आधी ठरवावा लागतो. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुले आपला मजकूर स्वतः जुळवून छापत आणि ती पाने दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवत. तिकडून त्यांची पाने येत. आपले लिखाण आपल्याला न ओळखणारा कोणी वाचणार, हे कळल्यावर मुले अर्धवट वाक्य स्वतःहून पुरे करतात. या दोन तालुक्यांत अशी देवघेव सोपी आहे, कारण समुद्र आणि डोंगर तासाभराच्या अंतरावर आहेत. चिंचणीच्या मुलाने जाळ्याबद्दल लिहिलेले पुस्तक तलासरीकडच्या डोंगरातल्या शाळेत जावे, तिथल्या मुलीचे मोहाच्या फुलांचे पुस्तक किनाऱ्यावर यावे. ज्याला मोह माहीत नाही अशा वाचकाला तो समजावून सांगताना मुलीला कळते की आपण काय गृहीत धरले होते.

यासाठी एकाच पुस्तकाच्या निदान तीन प्रती लागतात: एक लेखकाची, एक वर्गाच्या दोरीवर टांगायची, एक बाहेर जाणारी. झेरॉक्सने काळी-पांढरी प्रत स्वस्तात होते. पण मुलांनी एकमेकांची पुस्तके हाताने उतरवणे, जशा पोथ्या उतरवल्या जात, हेही वाचनच आहे आणि त्यात रंगही येतात. स्थलांतर करणारे मूल आपली प्रत घेऊन जाते. शाळेतली प्रत मागे राहते, म्हणून त्याची हजेरी नसली तरी त्याचे पुस्तक वर्गात वाचले जाते. ठेवायला बंद कपाटापेक्षा उघडी दोरी बरी: हवा खेळती राहते, कसर लागत नाही आणि मुलांचा हात पोचतो.

उरतो नोंदीचा प्रश्न. महाराष्ट्रात २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात उपक्रम आणि कृती यांची नोंद आकारिक भागात घेता येते, तेव्हा हे पुस्तक भाषेत धरावे की कार्यानुभवात, यावर वाद होतो.

सर : माझ्याकडे धरा. घडी, शिलाई, मापं, सगळं माझ्याकडचं.

बाई : धरा की. मी माझी नोंद दुसरीच ठेवणार. त्याचं पुस्तक किती जणांनी वाचायला मागितलं आणि वाचल्यावर त्याला काय विचारलं, एवढीच.